हॉट प्रेसमधले राजे

डॉक्टरांविषयी खरं लिहायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. ते गेले तेव्हा आयर्लंडमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी माझ्याकडे पानभर मजकूर मागितला आणि मी तो दिलाही. डॉक्टर दिलदार होते, गप्पिष्ट होते, पेशंटचे लाडके होते, असं सगळं त्यात होतं आणि त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण ते पान वाचून कोणालाही वाटलं असतं, की लिहिणारा त्यांचा जिवलग मित्र होता. ती दुरुस्ती आता करतो. माझं वय बघता आणखी थांबण्यात अर्थ नाही.

मी ॲथलोनला टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर होतो. सूक्ष्मदर्शकाखाली सर्किट बोर्डाचे सांधे तपासायचे, हे माझं काम. केसाएवढी चीर माझ्या नजरेतून सुटायची नाही. डॉक्टर स्लायगोच्या एका इस्पितळात भूल द्यायचे. आमच्यामध्ये दोन तासांचा रस्ता. पण तेव्हा इकडे मराठी बोलणारं माणूस इतकं दुर्मीळ होतं, की दोन तासांवरचा माणूसही शेजारी वाटायचा. ते मूळचे सांगलीचे. आयर्लंडमध्ये आयुष्य काढूनही बोलण्यातला ‘की’ आणि ‘ओ’ त्यांनी सोडला नव्हता. मला ते शेवटपर्यंत ‘इंजिनिअर’ म्हणायचे. मी त्यांना ‘डॉक्टर’.

इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं. त्याला हॉट प्रेस म्हणतात. लोक त्यात टॉवेल आणि चादरी ठेवतात, कारण या ओल्या देशात घरातली तेवढीच जागा खात्रीने कोरडी असते. डॉक्टरांच्या हॉट प्रेसमध्ये हंगेरीचे राजे होते. राजे, राण्या, सरदार, त्यांच्या बायका, दोन-चार बिशप. सगळे शेकडो वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर कोरून कागदावर छापलेले. वरच्या तीन फळ्या त्यांच्या आणि सगळ्यात खालची वहिनींच्या पापडांची. टॉवेल जिन्याच्या कठड्यावर कायमचे दमट. जुन्या कागदाला अशी ऊब सोसत नाही, त्यामुळे जाणकार माणसाने ही व्यवस्था बघून कपाळाला हात लावला असता. पण डॉक्टर म्हणायचे, “या देशात दोनच गोष्टी जपाव्या लागतात ओ. पापड आणि राजे. दोघांनाही हवा लागली की संपलं.”

“आणि बायको?” वहिनी आतून विचारायच्या.

“तिला इथली हवा मानवलीय की.”

रविवारी सकाळी आंघोळ करून, हात कोपरापर्यंत धुऊन, ते हॉट प्रेससमोर स्टूल घेऊन बसायचे. याला ते राऊंड म्हणायचे. एकेक कागद काढून खिडकीशी नेणार, आडवा धरणार, उजेडात फिरवणार. “काय महाराज, झोप लागली का? रंग बरा दिसतोय आज.” जुन्या कागदावर दमटपणाने तपकिरी ठिपके येतात, त्याला ते गोवर म्हणायचे. गोवर निघालेल्या राजाला टाकीच्या सर्वांत जवळची जागा. कागद हातात असताना शेजारच्याने जोरात श्वास सोडलेलाही त्यांना चालत नसे. “हळू सोडा, हळू... शाब्बास,” हे ते ज्या आवाजात म्हणायचे, त्या आवाजाने आमच्या ओळखीतली अर्धी माणसं ऑपरेशनच्या टेबलावर झोपली होती.

आणि प्रत्येकाला त्यांनी सांगलीतलं माणूस शोधून दिलं होतं. “हा बघा, आमच्या गल्लीतला पोस्टमास्तर. आणि ही मिशी? आमच्या ड्रिलच्या मास्तरांची. इथं कशी आली?” इस्पितळात साफसफाईला एक हंगेरियन बाई होत्या, त्यांना गाठून डॉक्टर चित्रांखालची नावं म्हणून घ्यायचे. त्या लोकांत आडनाव आधी आणि नाव मागून, हे कळल्यावर त्यांनी मला मुद्दाम फोन केला. “शाळेतल्या हजेरीसारखं ओ! उगीच नाही मला ही माणसं घरची वाटत!”

लिलावांच्या हॉलमध्ये सगळे हमाल त्यांना ओळखायचे. आम्ही दारातून आत शिरलो की कोणीतरी ओरडायचं, “युअर मॅन इज हिअर फॉर हिज मुस्टॅशेस!”, म्हणजे आपले ते मिशांवाले आले, आणि डॉक्टर टोपी काढून लवून नमस्कार करायचे.

आता पहिली दुरुस्ती. मी सगळ्यांना वर्षानुवर्षं सांगत आलो, की हा नाद माझा आणि डॉक्टरांनी तो माझ्याकडून उचलला. पहिलं चित्र माझं होतं, एवढंच खरं. ॲथलोनजवळच्या एका जुन्या मोठ्या घरातलं सामान विकायला काढलं होतं, त्यातल्या एका खोक्यात मला ते सापडलं. उभा माणूस, बंदांचा अंगरखा, केसाळ टोपीवर तुरा, कमरेला वाकडी तलवार. मला तो आपल्याकडचा सरदार वाटला म्हणून घेतला. पूर्वी इथल्या काही घराण्यांतली माणसं तिकडच्या फौजेत नोकरीला होती, म्हणून असली चित्रं इकडच्या माळ्यांवर निघतात, हे मला नंतर कळलं. डॉक्टरांकडूनच कळलं.

गणपतीत आमच्याकडे पंधरा-वीस माणसं जेवायला होती. डॉक्टर ताट हातात घेऊन त्या चित्रासमोर उभे राहिले ते हललेच नाहीत. वरण गार झालं.

“हे कोण ओ, इंजिनिअर?”

“हंगेरीचा कोणीतरी सरदार.”

“कोणीतरी? नाव लिहिलंय की खाली. वर्षभर तुमच्या घरात राहतोय माणूस आणि तुम्ही त्याला नाव नाही विचारलं?”

सगळे हसले. मीही हसलो.

पुढच्या गणपतीला ते पुठ्ठ्यांमध्ये बांधलेलं एक चित्र घेऊन आले. ते त्यांनी माझ्या सरदाराशेजारी धरलं आणि लहान मुलांना पुढे बोलावलं. “ओळखा बघू, काय सारखं आहे?” मुलांनी बटणं मोजली. तितकीच. तलवारीची मूठ तीच, अंगठी त्याच बोटात, डाव्या बंदाचा गोंडा दोन्हीकडे तुटलेला. फक्त तोंडं वेगळी. त्या काळी नवा माणूस गादीवर आला की छापणारे जुन्या पत्र्यावरचं डोकं तेवढं घासून काढायचे आणि त्या जागी नवं कोरायचे. धड तेच. “इंजिनिअर, तुमच्या सरदाराची बदली झालीय. खुर्ची तीच, साहेब नवा!”

माणसं पोट धरून हसली. डॉक्टरांच्या मनात मला खाली दाखवायचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. बदललेल्या डोक्याचं चित्र त्यांना साध्या चित्रापेक्षा जास्त आवडायचं. जाताना ते हळूच म्हणाले, “मला द्याल का हे? दोघं भाऊ एकत्र राहतील.” मी नाही म्हणालो. रात्रीची भांडी आवरताना माझी बायको म्हणाली, “किती रंगवून सांगतात नाही डॉक्टर? तुम्ही आपले नुसतं ‘हात लावू नका’ म्हणत असता.” दुसऱ्या दिवशी मी चित्र भिंतीवरून काढलं आणि पलंगाखाली सरकवलं. तिथे ते ओलीने खराब झालं. मी मुद्दाम केलं असं नाही, पण वाचवायलाही गेलो नाही.

मत्सर हा शब्द मोठा वाटतो. माझा तसा मोठा नव्हता, घरगुती होता. कोणी “डॉक्टरांकडे गेला होतात का?” असं विचारलं तरी टोचायचा. बुडापेस्टच्या कोणा अभ्यासकाचं पत्र त्यांना आलं, त्यांनी ते कौतुकाने मला वाचून दाखवलं आणि मी घरी येताना गाडीत मनातल्या मनात त्या पत्राला उत्तरं देत बसलो. मीही मग चित्रं घेऊ लागलो. चांगली घेतली. खात्रीची, स्वच्छ, रुंद समासाची. माझ्याकडे एकही गोवर निघालेला राजा नव्हता. पण माझी चित्रं बघायला कोणी उठून आलं नाही आणि खरं सांगायचं तर मीही ती फारशी बघितली नाहीत. मला त्यांची चित्रं कधी नको होती. ती हातात घेतल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जे व्हायचं, ते मला हवं होतं. ते लिलावात मिळत नाही.

डॉक्टरांच्या भिंतीवर एकच चित्र असायचं. एक म्हातारा सरदार, तोंड डावीकडे. नवरा-बायकोच्या जोडचित्रांतलं ते एक. अशी चित्रं शेजारी लावली की दोघं एकमेकांकडे बघतात. बायकोचं चित्र डॉक्टरांनी फक्त एका जुन्या पुस्तकात पाहिलं होतं. विधवेसारखा डोक्यावरून घेतलेला पदर, गळ्यात मोत्यांची एकच लांब माळ. बाकी सगळ्यांना सांगलीतलं माणूस सापडलं, हिला सापडलं नव्हतं. “महाराज किती वर्षं डावीकडे बघत बसलेत,” ते म्हणायचे, “आणि तिकडे आमची खिडकी. मान दुखत असेल ओ त्यांची.” प्रत्येक लिलावाच्या यादीत ते आधी तिला शोधायचे.

वहिनी गेल्या आणि पाठोपाठ डॉक्टरांचे डोळे जायला लागले. मधलं जातं आणि कडेचं राहतं, असा तो आजार. “तुमच्या तोंडाच्या जागी ढग दिसतो,” ते मला म्हणाले. “कान मात्र छान दिसतायत. मोठे आहेत ओ तुमचे कान.” राऊंड चालूच होते, आता बोटांनी. तांब्याचा पत्रा कागदावर दाबताना चित्राभोवती एक खोलगट चौकट उमटते. ती बोटाला लागली की चित्र खरं. नंतरच्या काळात यंत्राने पुस्तकात छापलेल्या नकलेला अशी चौकट नसते. डॉक्टर करंगळीने ती चौकट चाचपायचे आणि प्रत्येक राजाला नावाने ओळखायचे.

एका सकाळी त्यांचा फोन आला. आवाज इतका दबलेला, की मला वाटलं पडले-बिडले. “इंजिनिअर, ती आलीय.” गावाबाहेरच्या एका हॉलमध्ये लिलावाचा माल बघायला मांडला होता आणि किरकोळ चित्रांच्या एका गठ्ठ्यात पदर घेतलेली, मोत्यांची माळ घातलेली एक बाई आहे, असं तिथल्या हमालाने त्यांना कळवलं होतं. डॉक्टरांची गाडी केव्हाच बंद झाली होती. मी ॲथलोनहून निघालो, त्यांना घेतलं. त्यांनी कोट घातला होता आणि टायसुद्धा बांधला होता.

हमालाने गठ्ठा टेबलावर ठेवला. मी चौथा कागद उचलून त्यांच्या हातात दिला. करंगळी वरच्या कडेवरून गेली, मग बाजूने, मग खाली. पुन्हा वर.

“कडा कापल्यात ओ,” ते म्हणाले. “कोणीतरी फ्रेमात बसवायला कापल्यात. चौकटच गेली. बोटाला काहीच लागत नाही.” त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. “तुम्ही सांगा. रेघा की ठिपके?”

हाताने कोरलेल्या चित्रात रेघा असतात, मध्ये फुगणाऱ्या आणि टोकाला निमुळत्या होणाऱ्या. यंत्राने छापलेल्या नकलेत सारख्या अंतरावरचे ठिपके. भिंगातून बघितलं की शाळकरी पोरालाही कळेल. मी भिंग लावलं. गालावरच्या रेघा मला अजून दिसतात. पापणीखाली त्या इतक्या बारीक होत गेल्या होत्या, की कोरणाऱ्याने तिथे श्वास रोखला असणार. शाई कागदावर उठून उभी होती. माझ्या सगळ्या स्वच्छ, रुंद समासाच्या चित्रांत असं एकही नव्हतं. मी मान वर केली. डॉक्टर माझ्या कानाकडे बघत होते, म्हणजे माझ्याकडेच बघत होते, आणि तो मला हवा असलेला चेहरा आधीच त्यांच्यावर उमटू लागला होता.

“ठिपके,” मी म्हणालो.

“नक्की?”

“नक्की. पुस्तकातलं पान आहे. कापून ठेवलंय.”

त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. कागद अलगद टेबलावर ठेवला, त्याच्यावरून तळवा फिरवला आणि म्हणाले, “माफ करा बाईसाहेब. चुकून हात लावला.” मग माझा दंड धरून हॉलबाहेर पडताना म्हणाले, “बरं झालं तुम्ही होता. मी आंधळा खुळ्यासारखा नाचत घरी घेऊन गेलो असतो.” त्या दिवशी त्यांनी मला बळेबळे जेवायला नेलं आणि हॉटेलातल्या मुलीला सांगितलं, की या माणसाचे डोळे आयर्लंडमध्ये सर्वांत चांगले आहेत.

तो गठ्ठा मी लिलावात फोनवरून बोली लावून घेतला. दुसऱ्या कोणालाच नको होता. बाई माझ्या घरी आली आणि मी तिला भिंतीवर लावू शकलो नाही. कपाटात ठेवली. काढून बघायचो, परत ठेवायचो. आनंद तर झाला नाहीच, उलट डॉक्टरांचा फोन आला की कपाटाकडे नजर जायची. सहा-सात महिने असे काढले. मग मी एक सोपी वाट शोधली. तशीच दुसरी प्रत मिळाली म्हणायचं आणि देऊन टाकायची. त्यांना बाई मिळेल आणि मला काही कबूल करावं लागणार नाही.

त्यांच्या बैठकीत बसून मी कागद त्यांच्या हातात दिला. “डॉक्टर, ही बघा, कोण आलंय.” पण माझं पुढचं वाक्य येण्याआधी त्यांची करंगळी कडेवरून फिरली आणि कागद उलटा झाला. मागच्या बाजूला, खालच्या कोपऱ्यात, कोणीतरी चिकटवलेला कागदाचा एक तिरका तुकडा होता. मी त्याच्याकडे कधी लक्ष दिलं नव्हतं. त्यांनी तो त्या दिवशी हॉलमध्येच बोटांनी वाचला होता.

“ही तीच की ओ.” ते थांबले. मला वाटलं, संपलं. आणि खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. “ठिपकेवाली.”

मी तो चिकटवलेला तुकडा बघायला वाकलो.

“खोटी आहे, हे माहीत असून घेतलीत? माझ्यासाठी?” त्यांचा आवाज बदलला. “अहो इंजिनिअर...” आणि हा माणूस, ज्याने आयुष्यात एकही नक्कल घरात शिरू दिली नव्हती, माझा हात दोन्ही हातांत धरून रडला. वहिनी गेल्या तेव्हाही मी त्यांना रडताना बघितलं नव्हतं. “राहू दे. महाराजांना कुठं कळतंय, रेघा की ठिपके. त्यांना शेजारी कोणीतरी हवं.”

तेव्हा बोलायचं होतं. इतकं सोपं पुन्हा कधी झालं नसतं. मी म्हणालो, “फ्रेम करून आणतो.”

“पण एक करा,” ते म्हणाले. “पेन्सिल घ्या. मागे लिहा. माझ्यामागून आमची पोरगी फसायला नको, दुसरं कोणी फसायला नको. लिहा, नक्कल. इंग्रजीत लिहा, तिला वाचता यायला हवं. आणि खाली, इंजिनिअरांची प्रेमाची भेट.” मी लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे. कारखान्यातल्या तपासणीच्या कागदांवर जसं लिहायचो तसंच, सुबक.

पुढे कोणीही घरी आलं की ते त्या जोडीसमोर नेऊन सांगायचे, “हे महाराज खरे. बाई खोट्या, पण माझ्या घरात यांच्याइतकं मोलाचं काही नाही. कोणी दिल्या विचारा.” मग मला पुढे ढकलायचे. लोक माझ्याकडे कौतुकाने बघायचे. इतकी वर्षं मला जे हवं होतं, ते असं मिळत होतं आणि मी दर वेळी चहाचे कप उचलायच्या निमित्ताने आत जायचो.

ते गेल्यावर त्यांच्या मुलीने सगळा संग्रह एका ग्रंथालयाला दिला. तिथल्या लोकांनी मागची टीप वाचून बाईला बाजूला काढलं आणि परत पाठवलं. म्हातारा सरदार तिकडे, ही इकडे. गेल्या वर्षी मी त्या मुलीच्या घरी गेलो, तर बाई तिच्या मागच्या खोलीत कपडे धुण्याच्या यंत्रावर टांगलेली. गालावर तपकिरी ठिपके यायला लागलेत. मी म्हणालो, “बाळा, इथे ओल आहे. हिला दुसरीकडे लाव.” ती म्हणाली, “आह, शी’ज ग्रँड देअर, काका. इट्स ओन्ली अ कॉपी. डॅड हॅड इट रिटन ऑन द बॅक.” अक्षर कोणाचं आहे, हे तिला माहीत नाही. तिला मराठी समजतं, वाचता येत नाही. म्हणजे हेही मी अशा भाषेत लिहितोय, जी वाचून ती मला जाब विचारू शकणार नाही. तेव्हा हे घेऊन तिच्याकडे जावं लागेल आणि समोर बसून माझ्याच तोंडाने वाचावं लागेल. चित्र खरं आहे. मागची टीप खोटी आहे. दोन्ही मला पहिल्यापासून माहीत होतं.

डॉक्टरांना मात्र आता वाचून दाखवता येणार नाही. त्यांना मी शेवटचा भेटलो ते स्लायगोच्या नर्सिंग होममध्ये. ॲथलोनपासून सगळ्या रस्त्यात मी गाडीत मोठ्याने घोकत आलो होतो. डॉक्टर, ती खरी आहे. मी खोटं सांगितलं. मला तुमचा हेवा वाटला. मला माफ करा. चार वाक्यं. लांबही नव्हती.

ते खुर्चीत बसले होते, पायांवर शाल. डोळ्यांनी आता काहीच दिसत नव्हतं. माझ्या पावलांवरूनच त्यांनी ओळखलं. “या की, इंजिनिअर.”

“डॉक्टर, तुम्हाला एक सांगायचं होतं.”

“सांगा की.”

त्यांनी मान माझ्या बाजूला वळवली आणि वाट बघत राहिले. त्यांना घाई कसलीच नव्हती. मी त्यांच्या हाताकडे बघितलं, करंगळी शालीच्या काठावरून आपली फिरत होती.

“बाहेर ऊन पडलंय,” मी म्हणालो.

“स्लायगोत?” ते इतके हसले, की ठसका लागला. “काय सांगताय! तुम्हाला कधी खोटं बोलता आलं नाही ओ, इंजिनिअर. प्रयत्न करू नका.”

“खरंच पडलंय, डॉक्टर,” मी म्हणालो. त्यांचा ठसका थांबला, नर्स पाणी देऊन गेली, भेटीची वेळ संपत आली, तरी मी तेवढंच सांगत राहिलो. “खरंच पडलंय. शपथ. खरंच.”